तानसा, काळू, उल्हास की अंबा: ठाणे-नवी मुंबईतून दोन दिवसांच्या सायकल सफरीसाठी कोणतं खोरं?

कॅरिअरवर सामान बांधून ठाण्या-पनवेलहून निघणाऱ्याला चार नद्यांची खोरी हाताशी आहेत. त्यातलं एक निवडताना बहुतेक जण नकाशावर किलोमीटर आणि चढ मोजतात. ते मोजाच, पण त्याआधी परत कसं यायचं ते ठरवा. हिवाळ्यात इथला वारा दिवसातून दोनदा दिशा बदलतो. पहाटेपासून साधारण नऊ-दहापर्यंत डोंगराकडून समुद्राकडे मतलई वारा असतो, म्हणजे सह्याद्रीकडे जाताना तो तोंडावर येतो. दुपारी बारानंतर समुद्राकडून खारा वारा सुरू होतो आणि दोन ते पाचच्या दरम्यान त्याचा जोर सर्वात जास्त असतो. नेमके त्याच वेळी आपण दमून पश्चिमेला घरी वळलेले असतो. सकाळी जाऊन त्याच रस्त्याने दुपारी परतणाऱ्याला वारा दोन्ही वेळा समोरूनच मिळतो. सामान लावलेली सायकल रुंद होते, तिला हा वारा जास्तच जाणवतो. म्हणून ज्या वाटेच्या शेवटी लोकलचं स्टेशन आहे, ती वाट दहा किलोमीटर लांब असली तरी परवडते.

दुसरा फरक रस्त्याच्या स्वभावाचा. नदीला धरून जाणारा रस्ता हळूहळू चढतो, एका गिअरमध्ये तासभर पाय फिरत राहतात. डोंगराच्या पायथ्याने जाणारा रस्ता मात्र सह्याद्रीतून उतरणारे ओढे एकामागून एक ओलांडतो. प्रत्येक साकवापाशी उतार, पुढे लगेच आखूड पण तिखट चढ. नकाशावर दोन्ही सपाट दिसतात. दिवसअखेर मांड्यांना कळतं की पायथ्याचे पन्नास किलोमीटर म्हणजे नदीकाठचे सत्तर.

तानसा: जवळची, पण वाटेतल्या वाहतुकीची

ठाणे–घोडबंदर–वर्सोवा पूल–शिरसाड–पारोळ–वज्रेश्वरी, आणि अंबाडी–भिवंडीमार्गे परत. ही फेरी शंभर किलोमीटरच्या आसपास भरते. शिरसाड फाट्यावर हमरस्ता सोडला की तुंगारेश्वरचा डोंगर आणि पुढे तानसाचं पात्र सोबतीला येतं. अकलोलीची गरम पाण्याची कुंडं नदीकाठीच आहेत, गणेशपुरीत मुक्कामाची सोय स्वस्तात होते. चैत्र अमावास्येच्या वज्रेश्वरीच्या यात्रेत मात्र हा बेत आखू नका.

अडचण ठाण्यातून बाहेर पडण्याची आहे. गायमुखचा घाट आणि भिवंडीचा गोदामांचा पट्टा हे दोन्ही तुकडे कंटेनरच्या गर्दीचे आहेत. सकाळी साडेपाचला निघून सातच्या आत वर्सोवा पूल ओलांडला तरच पुढचा दिवस सुखाचा. भिवंडी बाजूला पंक्चरही जास्त होतात. ट्रेलरचे टायर फुटले की त्यातल्या केसाएवढ्या पोलादी तारा कडेच्या धुळीत पडून राहतात. तार टायरमध्ये रुतते, बोटाला लागत नाही, आणि नवी ट्यूब घातली की दोन किलोमीटरवर पुन्हा तीच कथा. टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. जिथे कापसाचे धागे अडकतील तिथे तार आहे. ती चिमट्याने उपटून मगच ट्यूब बसवा. पहिल्यांदाच सामान लावून निघणाऱ्याला अंतराच्या दृष्टीने तानसा सोपी, पण गर्दीत सायकल सरळ धरायची सवय नसेल तर हिच्यापासून सुरुवात करू नये.

काळू: माळशेजच्या पायथ्यापर्यंत

कल्याण–मुरबाड–टोकावडे–मोरोशी. कल्याणहून घाटाचा माथा पंच्याऐंशी किलोमीटरच्या आसपास आहे. टोकावड्यानंतर समोर नाणेघाट आणि जीवधनची भिंत उभी राहते. देखावा चारही वाटांमध्ये सर्वात भव्य, पण परतीला रेल्वे नाही. सायकल त्याच रस्त्याने कल्याणला आणावी लागते आणि दुपारचा वारा पूर्ण अंगावर घ्यावा लागतो. मुक्काम करून दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला निघाल, तर मतलई वारा पाठीशी घेऊन अकराच्या आत कल्याण गाठता येतं. ही शिस्त जमणार असेल तरच काळू निवडा. पावसाळ्यात घाटात दरडी येतात. जुलै-ऑगस्टमध्ये पायथ्याच्या पुढे जाऊ नये.

उल्हास: मुरबाडहून म्हसामार्गे कर्जत

चौघींत आमची पसंती हिला, पण उलट्या दिशेने. बहुतेक जण बदलापूर–कर्जत–म्हसा–मुरबाड असे उत्तरेला जातात आणि दुपारी कल्याणकडे वळताना वाऱ्याला सामोरे जातात. त्याऐवजी सकाळच्या पहिल्या कसारा किंवा टिटवाळा लोकलने शहाडला उतरा. शहाडच्या पुलापासून म्हारळपर्यंतचा रस्ता सातनंतर तुंबतो, त्याआधी तो मागे टाका. वरप, कांबा, मग रायत्याचा पूल. खाली वाहते ती उल्हास. पावसात तिचं पाणी चढलं की या पुलावरची वाहतूक बंद होते. गोवेलीनंतर रहदारी पातळ होते. मुरबाड साधारण अठ्ठावीस किलोमीटरवर, तिथे पोटभर खाऊन बाटल्या भरून घ्या.

मुरबाडहून दक्षिणेला वळलं की खरी वाट सुरू होते. म्हसा, मग कशेळे, कडाव आणि कर्जत, मिळून अठ्ठेचाळीस-पन्नास किलोमीटर. डाव्या हाताला गोरखगड-मच्छिंद्रगडाचे सुळके, पुढे सिद्धगड, त्यानंतर भीमाशंकरची रांग. दुपारी वायव्येकडून येणारा वारा या वाटेवर पाठीला किंवा उजव्या खांद्याला लागतो, आणि मावळतीचं ऊन थेट कड्यांवर पडतं. हीच वाट उलटी केली तर हे दोन्ही फायदे जातात.

इथला रस्ता ओढे ओलांडणारा, म्हणून गिअर हलका हवा. पुढे ३४ दातांची चकती आणि मागे ३४ ची मोठी चकती असेल तर दहा किलो सामानासह कुठेही उतरावं लागत नाही. पुढे ३९ आणि मागे २५ असलेल्या रोड बाइकवर तिसऱ्या-चौथ्या ओढ्यानंतर गुडघे बोलायला लागतात. उतारावर वेग घेऊन पुढचा चढ मारण्याचा मोह होतो, पण साकवाच्या दोन्ही टोकांना डांबर आणि काँक्रीटच्या सांध्यात खोबण असते. तिथे भरल्या सायकलचं मागचं चाक आपटलं की ट्यूब रिम आणि टायरमध्ये चिमटली जाते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. साकवाआधी वेग कमी करा आणि सीटवरून थोडे उठा.

नोव्हेंबरात भातकापणीनंतर रस्त्याच्या कडेला भात आणि पेंढा वाळत असतो. पेंढ्यावरून जाऊ नका. शेतकऱ्याचं नुकसान तर होतंच, शिवाय काडी मागच्या डिरेलरच्या, म्हणजे गिअर बदलणाऱ्या यंत्रणेच्या, छोट्या चाकांत गुंडाळली जाऊन साखळी अडकते. अडकली तर पेडल मारून जोर लावू नका, उतरून उलटं फिरवून काडी काढा. जोर लावला तर डिरेलरला फ्रेमशी जोडणारा हँगर वाकतो, आणि त्याचा सुटा भाग कर्जतमध्येही मिळेलच असं नाही. पौष पौर्णिमेला म्हसोबाच्या यात्रेत म्हशाचा रस्ता गुरं आणि टेम्पोंनी भरतो. ते दिवस टाळा, किंवा यात्राच पाहायची म्हणून जा.

मुक्काम कशेळ्याच्या आसपास. कर्जत परिसरात फार्महाऊस पुष्कळ, पण शनिवारी भाव चढे, म्हणून रविवार-सोमवार साधला तर उत्तम. दुसऱ्या सकाळी वेळ असेल तर कशेळ्याहून भीमाशंकरच्या पायथ्याच्या खांडसला जाऊन या. या भागातली पेज नदी उन्हाळ्यातही आटत नाही, कारण भिवपुरीच्या वीजकेंद्रातून सुटणारं पाणी तिला मिळतं.

कर्जतला लोकल रिकामी लागते, त्यामुळे मालडब्यात सायकल निवांत चढवता येते. तिकीट खिडकीवर सायकलचं लगेज तिकीट घ्या. पिशव्या आधीच सोडवून एका पट्ट्याने एकत्र बांधा आणि पुढचं चाक वळू नये म्हणून फ्रेमला आवळा. रविवारी संध्याकाळी चारनंतर भिवपुरी-नेरळला सहलीची गर्दी चढते, त्याआधीची गाडी पकडा.

जून ते सप्टेंबर ही वाट सुंदर दिसते, पण उल्हासचा पूर किती वेगाने येतो ते २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पाण्यात अडकली तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. जोरदार पावसाचा इशारा असेल त्या दिवशी निघू नका.

अंबा: नवी मुंबईकरांसाठी

वाशी-नेरूळच्या माणसाने सायकल घेऊन ठाणे स्टेशनच्या पुलावरून गाडी बदलण्यापेक्षा पनवेलहून थेट निघावं. पनवेल–शेडुंग–चौक–खालापूर–खोपोली हा जुना महामार्ग पस्तीस-चाळीस किलोमीटरचा. द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे, कळंबोलीला आणि खालापूरजवळ फलक नीट वाचा. खोपोलीत टाटांचं १९१५ चं वीजकेंद्र आहे. त्याचं पाणी पाताळगंगेत येतं, म्हणून तीही बारमाही. खोपोलीहून जांभूळपाडामार्गे पाली साधारण तीस किलोमीटर, रस्ता अंबेला धरून, त्यामुळे उल्हासपेक्षा पायांना हलका. उजवीकडे-डावीकडे शेती, सरसगड आणि सुधागड. १९८९ च्या जुलैत याच अंबेच्या पुराने जांभूळपाडा उद्ध्वस्त झालं होतं. पावसाळ्यात नदीकाठी तंबू ठोकायचा विचारही नको.

पालीत देवस्थानाच्या भक्तनिवासात सोय होते. मात्र हा रस्ता महडच्या वरदविनायकाला बल्लाळेश्वराशी जोडतो, म्हणून संकष्टी, अंगारकी आणि माघी गणेश जयंतीला गाड्यांची रीघ लागते. परत येताना वाकणहून मुंबई-गोवा महामार्गाने पेण-पनवेल गाठण्याचा बेत अनेक जण करतात. तो टाळावा: अवजड वाहनं, धूळ आणि समोरचा वारा. पहाटे त्याच वाटेने खोपोलीला मागे या आणि लोकल धरा.

चारही वाटांना लागणारं सामान

टायर ३५ मिलिमीटरचा. स्वार ७५ किलोचा आणि सामान १० किलो असेल तर मागे ६० आणि पुढे ५० पीएसआय हवा पुरते. तानसासाठी २८ चाही चालेल, पण म्हसा-कशेळ्याला तो हात बधिर करतो. व्हॉल्व्ह प्रेस्टा, म्हणजे बारीक नळीचा, असेल तर पितळी अ‍ॅडाप्टर खिशात ठेवा. गावातल्या पंक्चरवाल्याचा पंप मोटरसायकलच्या व्हॉल्व्हचा असतो. त्याचा कंप्रेसर क्षणात हवा भरतो, थोडी थोडी मारून दाबून पाहा. दोन ट्यूब, सहा ठिगळं, कॅरिअरचे पाच मिलिमीटरचे दोन जादा बोल्ट. काँक्रीटच्या सांध्यांवर हे बोल्ट सैल होतात, दर मुक्कामी आवळा.

ओझ्याखाली आरा (स्पोक) तुटतो तो बहुधा मागच्या चाकाचा, कॅसेटच्या म्हणजे गिअरच्या चकत्यांच्या बाजूचा, कारण त्या बाजूला ताण जास्त असतो. तुटला की रिम डावीकडे जाते. तुटका आरा शेजारच्याला गुंडाळा, डाव्या बाजूचे लगतचे दोन आरे अर्धा-अर्धा फेरा सैल करा, रिम ब्रेक असेल तर तो थोडा उघडा, आणि सामान पुढच्या बाजूला हलवून जवळच्या स्टेशनकडे वळा. उल्हासच्या वाटेवर कशेळ्याला हे झालं तर कर्जत साधारण पंधरा किलोमीटर. माळशेजच्या पायथ्याशी झालं तर टेम्पो शोधावा लागतो.

पाणी हिवाळ्यात दोन लिटर, मार्चनंतर चार. एप्रिल-मेमध्ये मुरबाड-कर्जत पट्ट्यात पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा चारही खोरी बाजूला ठेवा आणि नोव्हेंबरपर्यंत थांबा.