इंडिकेटर लुकलुकत नव्हता, त्यात ७१५० रुपये गेले आणि कार्बोरेटर पण गेला

मंडळी, घरात यामाहाची जुनी आरएक्स १०० किंवा तसलीच कुठली जुनी बाईक असेल आणि इंडिकेटर चालत नाही म्हणून ती गॅरेजला सोडून यायचा विचार असेल तर पाच मिनिटं थांबा आणि हे वाचा. गॅरेजचं नाव लिहीत नाहीये कारण माझ्याकडे बिल नाही, आणि बिल का नाही तो माझाच गाढवपणा, येतोच पुढे.

गाडी पप्पांची, १९८८ चं मॉडेल. मागच्या वर्षी दसऱ्याच्या आधी चॅसीला पावडर कोटिंग करून घेतलं, टाकी आणि साईड पॅनेल रंगवले, सगळी गाडी मीच घरी खोलली आणि मीच परत बसवली (हे लक्षात ठेवा). नंतर आरसी रिन्यू करायची तारीख जवळ आली, आरटीओत गाडी दाखवायची म्हणजे हॉर्न, इंडिकेटर, ब्रेक लाईट सगळं चालू पाहिजे, आणि नेमका इंडिकेटर रुसला. बटण डावीकडे सरकवलं की पुढचा-मागचा दोन्ही बल्ब पेटायचे पण एकदम मंद, देवघरातल्या झिरोच्या बल्बसारखे, आणि तसेच पेटून राहायचे. उजवीकडे पण तेच. रेस वाढवली की एखाद-दोनदा टक टक व्हायचं, सोडली की परत गप्प. मी ९० रुपयांचा नवीन फ्लॅशर (इंडिकेटरला टक टक करायला लावणारी डबी) आणून लावला, फरक शून्य.

मग एकाने सांगितलं अमुक ठिकाणी एक जण आहे, फक्त जुन्या यामाहा करतो, हात सोन्याचा आहे. गेलो. बाहेर पाच-सहा आरएक्स लाईनीत उभ्या, भिंतीवर जुन्या टाक्या लटकवलेल्या, बघूनच विश्वास बसला राव. त्याने सीट काढली, बॅटरीची लाल वायर सोडवली आणि तिचं टोक चॅसीला नुसतं घासलं. चर्र करून ठिणगी. म्हणतो, "बघितलं ना साहेब? अख्खं वायरिंग शॉर्ट आहे. कधीतरी चालत्या गाडीला आग लागेल." आता शांत डोक्याने विचार केला तर बॅटरीचा प्लस चॅसीला लावल्यावर कुठल्याही गाडीत ठिणगीच उडणार, शोरूममधून काल काढलेल्या गाडीत पण उडेल, त्यात फॉल्ट कसला. पण तेव्हा माझ्या डोळ्यासमोर पप्पांची गाडी पेटलेली दिसली आणि मी म्हटलं करा काय करायचंय ते.

दुसरी गोष्ट जी मला तेव्हा सुचायला पाहिजे होती ती अशी की आरएक्सला स्टार्ट व्हायला बॅटरी लागतच नाही, सीडीआयला (प्लगला ठिणगी देणारा डबा) करंट मॅग्नेटमधून, म्हणजे इंजिनासोबत फिरून वीज तयार करणाऱ्या भागातून येतो, हेडलाईट पण मॅग्नेटच्याच कॉईलवर चालते. बॅटरीवर काय, तर हॉर्न, इंडिकेटर, ब्रेक लाईट. माझी गाडी अर्ध्या किकमध्ये स्टार्ट होत होती, हेडलाईट झकास होती, हॉर्न पण वाजत होता, मग "अख्खं वायरिंग आणि कॉईल जळालंय" हे कुठून आलं? पण नाही सुचलं.

चार दिवस गाडी तिकडे. हिशोब असा लावला: वायरिंग सेट १८५०, रेक्टिफायर ६५०, कॉईल रिवाइंडिंग १२००, चार एलईडी बल्ब ६००, इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर ३५०, मजुरी २५००. टोटल ७१५०. बिल मागितलं तर "जीएसटी लागेल साहेब, वर अठरा टक्के, कशाला उगाच" म्हणाला आणि मी पण मान डोलावली. पैसे ऑनलाईन दिले तेवढाच काय तो पुरावा, आणि त्यात फक्त रक्कम दिसते, कशाचे पैसे ते नाही. वर एकदम मोठ्या मनाने म्हणतो, "टाकी काढलीच होती तर कार्बोरेटर पण साफ करून दिलाय, त्याचे पैसे नाही घेतले." मी त्याला थँक्यू म्हणालो हो. थँक्यू!

घरी आलो, डावा इंडिकेटर लावला तर चारही लुकलुकायला लागले. उजवा लावला तरी चारही. फोन केला तर म्हणतो, "पार्किंग लाईट पण आली ना मग, नवीन गाड्यांना असतं तसं." आरटीओत असली गाडी घेऊन जाऊ का मी?

आमच्या खालच्या मजल्यावर एक काका राहतात, एसटीच्या डेपोत ऑटो इलेक्ट्रिशियन होते, आता रिटायर. त्यांना दाखवलं तर आधी हसले. आरएक्सच्या मीटरमध्ये इंडिकेटरचा दिवा एकच असतो, तो डाव्या आणि उजव्या वायरच्या मध्ये जोडलेला, म्हणजे डावी बाजू चालू असताना त्याचा करंट उजव्या बल्बांमधून अर्थला, म्हणजे चॅसीमार्गे बॅटरीच्या मायनसला जातो. साधे दहा वॉटचे बल्ब तेवढ्याशा करंटला दाद देत नाहीत, एलईडी मात्र तेवढ्यावर पण पेटते. एलईडीच ठेवायची असेल तर मीटरच्या त्या दिव्याची एक बाजू अर्थ करायची आणि दुसऱ्या बाजूला डाव्या-उजव्या वायरमधून एकेक डायोड (करंट एकाच दिशेने सोडतो), काम झालं, दोन-चार रुपयाला एक डायोड मिळतो. पण काका म्हणाले, "एलईडी काढ, जुने बल्ब कुठायत?" ते मात्र होते, मेकॅनिकने पिशवीत घालून परत दिलेले, "बघा कसे काळे पडलेत" म्हणून, आणि माझा ९० वाला फ्लॅशर पण त्यातच. भंगार तेवढं इमानदारीने परत दिलं होतं.

जुने बल्ब, जुना फ्लॅशर लावला आणि गाडी परत जशीच्या तशी, मंद पेटतोय आणि गप्प. म्हणजे ७१५० रुपये घालून मूळ फॉल्टला कोणी हातच लावला नव्हता, एलईडीला करंटच नगण्य लागतो म्हणून तो फक्त झाकला गेला होता. काकांनी व्होल्ट मोजायचा मीटर लावला. बॅटरीवर १२.४ व्होल्ट, बल्बच्या दोन टोकांना ७.८. मग एक लांब वायर घेतली, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं बल्ब होल्डरच्या अर्थला टेकवलं आणि लख्ख! टक टक टक टक. काढली की मंद, लावली की लख्ख. बघतच बसलो मी.

टाकीखाली वायरिंगच्या अर्थचं थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) चॅसीला बोल्टने बसतं, ते मी पावडर कोटिंगवरच आवळलं होतं, आणि रंगातून करंट जात नाही. नवीन वायरिंग टाकताना त्या माणसाने पण तिथेच, त्याच रंगावर आवळलं. साधा फ्लॅशर गरम होऊन टकटकतो, दहा-दहा वॉटचे दोन बल्ब म्हणजे जवळजवळ पावणेदोन अँपिअर त्यातून जायला पाहिजे, अर्थ असा अर्धवट असेल तर तेवढा करंट जातच नाही मग तो गरम कशाला होईल. काकांनी बोल्ट काढला, पॉलिश पेपरने रुपयाएवढी जागा पत्रा दिसेपर्यंत घासली, थिंबल घासलं, आवळलं, वरून थोडं ग्रीस. दहा मिनिटं. खर्च पॉलिश पेपरचा, तो पण घरातच होता.

काका हे पण सांगून गेले की बल्ब अजिबातच पेटत नसतील तर आधी बॅटरीजवळचा काचेचा फ्यूज बघ, मग फ्लॅशरच्या दोन्ही पिना काढून त्या दोन वायरी एकमेकींना जोड, बटण दाबल्यावर बल्ब लख्ख पेटून राहिले तर फ्लॅशर गेला, नाही पेटले तर पुढे स्विच आणि कप्लर (वायरींचे जोड) तपास. आणि मंद असतील तर सगळ्यात आधी बॅटरी आणि अर्थ बघ.

इथे संपलं असतं तर सात हजार शिकवणीची फी म्हणून सोडून दिले असते. पण तीन आठवड्यांनी गाडी आयडलला उभी राहीना, सिग्नलला बंद पडायला लागली. कार्बोरेटर बघायला वाकलो तर तो चकचकीत. अक्षरं पण कशी पुसट, साबणावर उमटवल्यासारखी. मोबाईलमध्ये गाडी खोलताना काढलेले फोटो होते, त्यात स्वच्छ दिसतंय, मिकुनी कंपनीचं नाव, खाली जपान, आणि खालच्या वाटीच्या स्क्रूजवळ पप्पांचा पाना निसटून पडलेला ओरखडा. तो ओरखडा ह्याच्यावर नाही. फुकट सर्व्हिसिंग कशाचं होतं ते तेव्हा कळलं.

ग्राहक हेल्पलाईनला, १९१५ ला, फोन केला. त्यांचा पहिला प्रश्न, बिल आहे का. ५ लाखापर्यंतच्या तक्रारीला जिल्हा आयोगात फी पण नाही लागत, पण ह्याच माणसाने हाच पार्ट बदलला हे दाखवायला माझ्याकडे गाडी सोडतानाचा एक फोटो असता तरी पुरला असता. माझे फोटो आठ महिने आधीचे.

तरी गेलो त्याच्याकडे. आधी म्हणाला तुमचाच आहे, साफ केल्यावर चमकतोच. फोटो दाखवला तर म्हणाला पोराने चुकून बदलला असेल. आणि मग त्याने टेबलाचा ड्रॉवर ओढला. आत सहा-सात कार्बोरेटर, सगळे जुने, कळकट, जपानवाले. त्यातला एक उचलून कपड्याने पुसून माझ्या हातात दिला, "घ्या साहेब, विषय संपवा." मी उलटा करून बघितला. वाटीवर ओरखडा नव्हता. ड्रॉवर तोवर त्याने बंद केला होता.

तोच लावलाय आता, चालतो बरा. परवा गेटातून आत येत होतो तर पप्पा गॅलरीतून म्हणाले, "अरे, आवाज वेगळा का येतोय हिचा?" प्लग बदललाय म्हणालो.