समुपदेशन मोफत आहे, पण आधी कुणाकडे जायचं?

वसतिगृहात रात्रीची फेरी माझ्याकडे होती, तेव्हाची गोष्ट. सव्वाअकरा वाजले होते. दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा जिन्यात एकटाच बसला होता. "सर, तीन आठवडे धड झोप नाही. पुस्तक उघडलं की छातीत धडधडायला लागतं," म्हणाला. नोटीस बोर्डवरच्या मदतक्रमांकांचा फोटो त्याने मोबाइलमध्ये काढून ठेवला होता. "यातला कुठला लावू?" मी म्हटलं, "कुठलाही लाव, सगळे मोफतच आहेत." त्याने सगळ्यात वरचा लावला. तो कॉलेजच्याच समुपदेशन कक्षाचा होता. कुलूप घातलेल्या खोलीत फोन वाजत राहिला. मुलाने मोबाइल खिशात टाकला आणि "असू दे सर" म्हणून खोलीत निघून गेला.

माझं उत्तर चुकलं होतं. मोफत आहेत म्हणून हे सगळे एकसारखे नाहीत. रात्री फोन कोण उचलतं, पुढच्या आठवड्यात तीच व्यक्ती पुन्हा भेटते का, औषध कोण लिहून देऊ शकतं आणि तुमची गोष्ट कुणाच्या कानावर जाण्याची शक्यता आहे, या चार बाबतींत त्यांच्यात खूप फरक आहे. महाराष्ट्रातल्या कॉलेजात किंवा विद्यापीठात शिकणाऱ्या, शिकवणाऱ्या आणि कार्यालयात काम करणाऱ्या माणसासाठी मी हे पर्याय इथे शेजारी शेजारी ठेवतो आहे.

कॅम्पसवरचा समुपदेशक

याची सगळ्यात मोठी जमेची बाजू म्हणजे तीच व्यक्ती पुन्हा भेटते. मागच्या मंगळवारी आईच्या आजारपणाबद्दल बोललात, तर या मंगळवारी ते पहिल्यापासून सांगावं लागत नाही. शिवाय त्या माणसाला तुमचं जग ठाऊक असतं. एटीकेटी, रखडलेली शिष्यवृत्ती, इंटर्नलचे मार्क, मेसचं थकलेलं बिल हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. गरज पडली तर तुमच्या संमतीने विभागप्रमुखांशी बोलून सबमिशनची मुदत वाढवून घेणंही त्यांना जमू शकतं. बाहेरच्या कुठल्याही हेल्पलाइनला हे शक्य नाही.

आता उणी बाजू. कक्ष बहुतेक ठिकाणी सकाळी उघडतो आणि संध्याकाळी बंद होतो, म्हणजे नेमका तासांच्या आणि प्रॅक्टिकलच्या वेळात. कितीतरी कॉलेजांत समुपदेशक आठवड्यातून एक-दोन दिवसच येतात. परीक्षा जवळ आली की रांग वाढते आणि तारीख लांबची मिळते. मी पाहिलेल्या एका कॉलेजात तर कक्षाचं दार शिष्यवृत्तीच्या खिडकीसमोर होतं. खिडकीशी वीस मुलं उभी असताना त्या दारातून आत जायला किती धैर्य लागत असेल! जागा निवडणाऱ्यांनी एकदा स्वतः त्या दारातून आत जाऊन पाहायला हवं होतं.

माझा याहून मोठा आक्षेप वेगळा आहे. काही ठिकाणी मानसशास्त्राच्या प्राध्यापकांवरच समुपदेशनाचा अतिरिक्त कार्यभार टाकलेला असतो. माणूस कितीही चांगला असो, जो तुमचे इंटर्नलचे मार्क भरतो त्याच्यापुढे मोकळं होणं कठीण, आणि व्हावंही लागू नये. तुमच्या कॉलेजात अशी व्यवस्था असेल, तर बाहेरचा पर्याय आधी पाहा.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार 100 किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असायला हवा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं आहे. तुमच्याकडे असं कुणीच नसेल, तर विद्यार्थी परिषदेतर्फे किंवा पालकांतर्फे प्राचार्यांना लेखी विचारायला हरकत नाही.

पहिल्या भेटीत तीन गोष्टी सरळ विचारून घ्या. माझी नोंद कुठे ठेवणार, ती कोण वाचू शकतं आणि कुठल्या परिस्थितीत तुम्ही घरी किंवा प्राचार्यांना कळवाल? जिवाला धोका असेल तर कळवावं लागेल असं उत्तर आलं, तर ते योग्यच आहे. पण उत्तर द्यायला टाळाटाळ झाली, तर मोजकंच बोला.

14416 म्हणजे टेलिमानस

त्या रात्री मुलाने हा नंबर लावायला हवा होता. केंद्र सरकारने 10 ऑक्टोबर 2022 रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, ही सेवा सुरू केली. तिची मध्यवर्ती जबाबदारी बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेकडे आहे. चोवीस तास, सातही दिवस चालते. 14416 लागला नाही तर 1800-89-14416 लावा. भाषा निवडायची सोय आहे आणि मराठी त्यात आहे. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतो, आणि गरज दिसली तर तुमचा फोन मानसोपचारतज्ज्ञापर्यंत नेण्याची किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयाकडे पाठवण्याची व्यवस्था आहे.

कॅम्पसच्या समुपदेशकाशेजारी ठेवून पाहिलं तर दोघांची बलस्थानं बरोबर उलटी आहेत. तिकडे तुमचं जग ठाऊक असलेला माणूस आहे, पण पाचनंतर दार बंद. इकडे रात्री तीनलाही कुणीतरी आहे, पण उद्या फोन लावला तर आवाज दुसरा असू शकतो आणि गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागू शकते. म्हणून मी 14416 कडे पहिली रात्र निभावण्याचा आणि पुढचा रस्ता विचारण्याचा नंबर म्हणून पाहतो. महिनोन्महिने त्याच्याच भरवशावर राहू नये.

आयकॉल

टाटा समाजविज्ञान संस्थेची ही सेवा 2012 पासून मुंबईतून चालते. नंबर 9152987821. बोलणारे मानसशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले असतात आणि ऐकण्याची त्यांची पद्धत मला फार भावते. सल्ल्यांचा भडिमार नसतो. रात्रभर मात्र ही सेवा चालू नसते, आणि लाइन व्यस्त लागली तर धीर धरून पुन्हा लावावी लागते.

तरीही एका कारणासाठी मी ती काही जणांना सगळ्यात आधी सुचवतो. आयकॉलला ईमेलनेही लिहिता येतं. वसतिगृहाच्या खोलीत तिघं रूममेट असतात. घरून येणाऱ्या मुलीला दोन खोल्यांच्या घरात दार लावून बोलता येत नाही. अशा वेळी गच्चीवर जाऊन कुजबुजण्यापेक्षा लिहिणं सोपं पडतं. लिहिताना कित्येकांना पहिल्यांदाच कळतं की आपल्याला नेमकं काय होतंय.

केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाची मनोदर्पण हेल्पलाइनही आहे. करोनाच्या काळात, 2020 मध्ये, ती विद्यार्थी, शिक्षक आणि पालकांसाठी सुरू झाली. नंबर 8448440632. परीक्षेच्या ताणासारख्या गोष्टींसाठी ठीक आहे. वरच्या दोन्ही सोयी असताना मी ती तिसऱ्या क्रमांकावर ठेवेन.

सरकारी रुग्णालयाची ओपीडी

या पर्यायाला लोक सगळ्यात जास्त घाबरतात, आणि बऱ्याच जणांना गरज नेमकी याचीच असते. पुण्यात "येरवड्याला पाठवा" आणि मुंबईकडे "ठाण्याला पाठवा" हे शिवीसारखं वापरलं जातं. त्या शब्दांनी किती जणांचे उपचार लांबले असतील! येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांतही बाह्यरुग्ण विभाग आहे. लोक सकाळी येतात, डॉक्टरांना भेटतात, गोळ्या घेतात आणि दुपारी आपापल्या घरी जातात. आणि तिथेच जायला हवं असंही नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयातही उपचार मिळतात. पुण्यात गणेशखिंडीतल्या विद्यापीठातून औंधचं जिल्हा रुग्णालय काही फार लांब नाही.

पैशांचा हिशेब नीट समजून घ्या. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे जिल्हा रुग्णालयांत आणि प्रादेशिक मनोरुग्णालयांत, 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत. केस पेपरचेही पैसे नाहीत. पुण्याचं ससून आणि मुंबईचं जेजे ही वैद्यकीय शिक्षण विभागाची, तर केईएम महापालिकेचं. त्यांना हा निर्णय लागू नव्हता, पण तिथलं शुल्कही नाममात्र असतं. एखादी गोळी रुग्णालयात शिल्लक नसेल तर बाहेरून घ्यावी लागते, त्यासाठी शे-दोनशे रुपये जवळ ठेवावेत.

जिन्यातल्या त्या मुलाबरोबर मी पुढे एका सरकारी ओपीडीत गेलो. साडेआठला केस पेपरच्या रांगेत लागलो, नंबर लागला तेव्हा अकरा वाजून गेले होते. बाकावर आमच्या एका बाजूला नऊवारीतल्या आजी, दुसऱ्या बाजूला मांडीवर टिफिन ठेवून बसलेला रिक्षावाला. मुलगा माझ्या कानाशी हळूच म्हणाला, "सर, सगळे आपल्यासारखेच आहेत." डॉक्टरांनी झोप, भूक, वजन विचारलं. मरणाचे विचार येतात का हेही सरळ विचारलं, आवाजाची पट्टी न बदलता. थायरॉइडची रक्ततपासणी लिहिली, कारण थायरॉइड बिघडलं तरी धडधड आणि अस्वस्थता होते. एक गोळी दिली आणि बजावून सांगितलं, "परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतील. मनाने बंद करायची नाही." केस पेपरवर पुढची तारीख लिहिली. सगळं मिळून दहा मिनिटं.

दहा मिनिटं म्हणजे कमीच. गर्दीच्या ओपीडीत मनातलं सगळं सांगायला वेळ मिळत नाही, हा या पर्यायाचा मोठा तोटा आहे. पण औषध आणि वैद्यकीय प्रमाणपत्र या दोन गोष्टी इथे मिळतात, वरच्या समुपदेशकांकडे नाही. परीक्षा चुकली असेल किंवा हजेरी कमी भरत असेल, तर समुपदेशकाच्या चिठ्ठीपेक्षा डॉक्टरांच्या प्रमाणपत्राला वजन असतं. वय 18 च्या आत असेल, तर पालकांना बरोबर न्यावं लागेल.

एकच तक्रार घेऊन चौघांकडे गेलात तर

समजा तुम्ही पीएचडी करताय. गाइड प्रकरणं वाचत नाहीत, भेट देत नाहीत, फेलोशिप संपत आली आहे आणि सकाळी अंथरुणातून उठवत नाही. 14416 वरचा माणूस तुम्हाला आज रात्री शांत करेल. आयकॉलवर तुम्ही हे नीट उलगडून पाहू शकाल. डॉक्टर हे नुसतं वैतागणं आहे की नैराश्य, हे ओळखतील. कॅम्पसच्या समुपदेशकाला गाइड बदलण्याचा अर्ज कुठे करायचा हे माहीत असेल, पण कदाचित ते गाइडबरोबर रोज चहाही घेत असतील. अशा वेळी मी म्हणेन, मनाचं बाहेर बोला आणि अर्जाचं आत बोला.

कधीकधी दुखणं मनात नसतंच. रॅगिंग होत असेल तर समुपदेशनाच्या जोडीला 1800-180-5522 वर तक्रार हवी. लैंगिक छळ असेल तर अंतर्गत तक्रार समिती आहे. दारू किंवा इतर व्यसनासाठी 14446 हा वेगळा मोफत नंबर आहे. छळ सोसण्याची ताकद वाढवून देणं हे समुपदेशनाचं काम नाही.

शिक्षक आणि कर्मचाऱ्यांसाठी

यांचा विचार कुणीच करत नाही, आणि मला ते फार खटकतं. तासिका तत्त्वावर शिकवणारा सीएचबी प्राध्यापक दरवर्षी जूनमध्ये नव्याने मुलाखत देतो. आपण समुपदेशकाकडे जातो हे कळलं तर पुढच्या वर्षी बोलावतील का, ही त्याची भीती खोटी नाही. कार्यालयातला लिपिक, प्रयोगशाळा परिचर, रात्रपाळीचा सुरक्षारक्षक यांना तर कक्ष फक्त मुलांसाठीच आहे असं वाटतं, आणि बहुतेक ठिकाणी तो असतोही तसाच.

म्हणून कर्मचाऱ्यांना माझा सल्ला विद्यार्थ्यांच्या बरोबर उलट आहे. विद्यार्थ्याने पूर्णवेळ, वेगळा नेमलेला समुपदेशक असेल तर कॅम्पसपासून सुरुवात करावी. कर्मचाऱ्याने बाहेरून करावी. बोलायला 14416 किंवा आयकॉल, आणि झोप-भूक बिघडली असेल, कामावर लक्ष लागत नसेल तर जिल्हा रुग्णालय. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 23 नुसार तुमच्या आजाराची माहिती गोपनीय ठेवणं उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक आहे. कायद्याने सांगितलेले मोजके अपवाद सोडले, तर कॉलेजने विचारलं म्हणून ती देता येत नाही. रजेसाठी प्रमाणपत्र लागत असेल, तर त्यावर काय लिहिलं जाईल हे डॉक्टरांना आधीच विचारून घ्या.

थांबायचं नसतं तेव्हा

कुणी स्वतःला इजा करण्याच्या बेतात असेल किंवा केली असेल, तर वरची तुलना बाजूला ठेवा. त्याला एकटं सोडू नका. 108 वर रुग्णवाहिका बोलवा किंवा 112 लावा, आणि जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात न्या. केस होईल म्हणून मित्र घाबरतात आणि मौल्यवान वेळ जातो. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्याच कलम 115 नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, आणि त्याची काळजी घेणं व पुनर्वसन करणं हे सरकारचं कर्तव्य आहे.

बाकीच्यांनी सुरुवात करताना मोठी प्रस्तावना तयार करत बसू नये. त्या मुलाने दुसऱ्या रात्री माझ्या खोलीतून 14416 लावला. मराठी निवडली. समोरून नमस्कार झाल्यावर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तीन आठवडे झोप नाही." पलीकडून विचारलं, "आत्ता कुठे बसला आहात? जवळ कुणी आहे का?" मी उठून बाहेर गॅलरीत गेलो आणि दार ओढून घेतलं. आतून पाऊण तास त्याचाच आवाज येत होता.