पुगा की उन्हवरे? वीज कुठे, उष्णता कुठे

लडाखमधलं पुगा आणि दापोलीजवळचं उन्हवरे, दोन्हीकडे वाफाळतं पाणी वर येतं. वीज हवी असेल तर पुगाच बघा. कोकणातल्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर वीजघर बांधायच्या फंदात पडू नका.

फरक उष्णता येते कुठून, याचा आहे. पुगा सिंधू सांधपट्ट्याजवळ आहे. तिथे भारतीय आणि युरेशियन भूपट्ट्यांची टक्कर झाली, आणि खालचं कवच अजून तापलेलं आहे. १९७०च्या दशकातल्या बोअर ३८५ मीटरपेक्षा खोल गेल्या नव्हत्या, तरी तापमान १०० अंशांपुढे गेलं. उन्हवऱ्याखाली असा स्रोत नाही. पावसाचं पाणी बेसॉल्टच्या भेगांतून खोल मुरतं, किलोमीटरला २५-३० अंश या नेहमीच्या दरानं तापतं आणि भेगेतूनच परत वर येतं. पृष्ठभागावर ते ७० अंशांच्या आसपास भरतं. आणखी खोल बोअर मारून तापमान झपाट्यानं वाढेल, ही आशा धरू नये.

यावर अलास्कातल्या चेना या गरम झऱ्यांच्या ठिकाणाचं उदाहरण हमखास पुढे केलं जातं: २००६पासून ७४ अंशांच्या पाण्यावर वीज. पण तिथे थंड करायला ४ अंशांचं पाणी आहे, कोकणात २८-३० अंशांचं. वीज या दोन तापमानांतल्या फरकातून निघते. सेकंदाला १ लिटर पाणी २० अंशांनी निववलं तर ८४ किलोवॉट उष्णता मिळते. तिची वीज केली तर जेमतेम ४ किलोवॉट, आणि त्यातूनच पंप चालवायचा. तीच उष्णता मासळी, काजू किंवा आमसुलं वाळवायला सरळ वापरा. पाणी खारट असल्यानं साधं पोलाद गंजतं. हीट एक्स्चेंजरच्या, म्हणजे पाण्यातली उष्णता काढून घेणाऱ्या यंत्राच्या, प्लेटा टायटॅनियमच्या घ्याव्या लागतात. तापमान आणि प्रवाह मे आणि ऑगस्ट, दोन्ही महिन्यांत मोजा, कारण पावसाळ्यात थंड पाणी मिसळतं. शेजारच्या बोअरमुळे कुंडाचं पाणी कमी झालं तर गावाशी भांडण ठरलेलं.

पुगाचं दुखणं वेगळं. बोअरमध्ये दाब उतरला की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि कॅल्साइट हा चुन्याचा क्षार पाइपात साचून तोंड बुजतं. म्हणून पाणी उकळायला लागतं त्या खोलीच्याही खाली, बारीक नळीनं, क्षाररोधक सोडत राहावं लागतं. वापरलेलं पाणी पुन्हा जमिनीतच सोडायचं, त्यामुळे दुसऱ्या बोअरचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरा. कारण या पाण्यात बोरॉन आहे, जास्त झालं तर पिकांना घातक. २०२२मध्ये खोदकामावेळी हे पाणी पुगा नाल्यात गेलं आणि काम थांबवावं लागलं.