समांतर अल्गोरिदमचा अभ्यासवर्ग, छत्रपती संभाजीनगर

एकच काम अनेक प्रोसेसरांमध्ये वाटून एकाच वेळी करण्याच्या पद्धती, म्हणजे समांतर अल्गोरिदम, शिकवणाऱ्या औरंगपुऱ्यातील या वर्गाची खरी ताकद सिद्धांताच्या शिकवणीत आहे. कामाचा १० टक्के भाग क्रमानेच करावा लागत असेल, तर कितीही प्रोसेसर जोडले तरी वेग १० पटींपलीकडे जात नाही, हा संगणक-रचनाकार जीन ॲमडाल यांच्या १९६७ च्या मांडणीतून निघणारा निष्कर्ष सरांनी फळ्यावर अतिशय सुरेख उलगडला. मराठवाड्यातील पावसाच्या १,०२४ नोंदींची बेरीज जोड्याजोड्यांनी केल्यास, ५१२ प्रोसेसर हाताशी असताना, १,०२३ ऐवजी १० टप्पे पुरतात, हेही त्यांनी वहीवर करवून घेतले. प्रयोगशाळेत मात्र चार कोअरचेच, म्हणजे जणू चारच प्रोसेसर असलेले, संगणक आहेत, ही उणीव जाणवते. ‘सी’ ही प्रोग्रामिंगची भाषा येणाऱ्यांनी अवश्य प्रवेश घ्यावा. नवख्यांनी आधी ती शिकावी.