कंटेनरमधलं वायरिंग: जीआय पाइप की पीव्हीसी?

न्हावा-शेव्याकडून आलेले जुने वीस फुटी कंटेनर आता निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांमध्ये ठिकठिकाणी दिसतात. औषधं, फवारणीचे पंप, ठिबकचं सामान, सगळं त्यातच. माझ्याही बागेत एक आहे. आत दिवे आणि चार सॉकेट घ्यायची ठरली की प्रश्न येतो तो वायर ज्यातून न्यायची त्या पाइपचा: जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) की पीव्हीसी (प्लास्टिकचा)? मी दोन्ही वापरून पाहिलेत.

पाइप कुठलाही घ्या, अर्थिंग आणि आरसीसीबी (करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच) यांत तडजोड नको. कंटेनर सिमेंटच्या ठोकळ्यांवर नाहीतर लाकडी स्लीपरवर उभा असतो. जमिनीशी त्याचा भरवशाचा संबंध नसतो. वायर कुठे सोलून पत्र्याला टेकली तर एमसीबी (जास्त करंट ओढला गेला की पडणारा स्विच) पडेलच असं नाही. अख्खा पत्रा २३० व्होल्टवर बसून राहतो आणि दाराची दांडी धरणारा सापडतो. म्हणून रंग खरवडून, बोल्ट मारून बॉडीचं स्वतंत्र अर्थिंग, आणि सोबत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी. ‘पाइप प्लास्टिकचा आहे, मग बॉडीला अर्थिंग कशाला?’ असं विचारणाऱ्या वायरमनला चहा पाजून परत पाठवावं.

आता जीआय. मजबुतीत त्याला तोड नाही. क्रेट आपटो, पंपाचं हँडल लागो, वायर सुखरूप. उंदीर दात लावून दमतात. कापलेली कड मात्र कानशीने नीट घासून घ्यावी लागते, नाहीतर वायर ओढतानाच इन्सुलेशन सोललं जातं. शिवाय पाइपच्या जोडांवर अर्थिंगचा भरवसा ठेवू नये, हिरवी वायर वेगळी ओढावी.

माझं मन फिरलं ते दुसऱ्याच कारणाने. निफाडची थंडी सगळ्यांना ठाऊक आहे. रात्री पत्रा गार पडतो आणि आतल्या दमट हवेचा त्यावर घाम सुटतो. पत्र्याला घट्ट आवळलेला लोखंडी पाइप आणि त्याचे बॉक्स पत्र्याइतकेच गार होतात, मग घाम बॉक्सच्या आतही धरतो आणि त्या ओलीतून करंट गळतो. पहाटे फवारणीची तयारी करायला जावं तर आरसीसीबी पडलेली. उचलली की पुन्हा पडते. ऊन चढलं की आपोआप सगळं ठीक, त्यामुळे दुपारी आलेल्या वायरमनला दोष सापडत नाही. त्रासापेक्षा वाईट म्हणजे, कंटाळलेला गडी एक दिवस आरसीसीबीच बायपास करून मोकळा होतो. तसं कोणी केलं तर सुरक्षेच्या नावाखाली घेतलेला मजबूत पाइप काय कामाचा?

पीव्हीसीत ही कटकट मला तरी जवळजवळ जाणवली नाही. अर्थात, त्यातलं निम्मं श्रेय प्लायवुडच्या पट्टीलाही असेल. माल बांधायला कंटेनरच्या आतच कड्या असतात. त्यांना पट्ट्या आवळल्या आणि पाइप-बॉक्स त्यांवर बसवले. पत्र्यापासून दोन बोटं अंतर राहिलं आणि भोकंही पाडावी लागली नाहीत. (पत्र्यातून आरपार गेलेला प्रत्येक स्क्रू पावसाळ्यात आठवण करून देतो.) वायर आत येते ते एकच भोक, खालच्या बाजूला, ग्रोमेट (भोकाच्या कडेचं रबरी कडं) आणि ग्लँड (वायर घट्ट धरणारी जोडणी) लावून.

पीव्हीसीला खोड आहेच, उन्हाची. पत्रा तापला की सहा मीटरची ओळ दीड सेंटिमीटरच्या आसपास वाढू शकते. क्लिपा फार घट्ट आवळल्या तर पाइप कमानीसारखा फुगतो नाहीतर जोडातून निसटतो. म्हणून छताला चिकटून ओळ नेऊ नये आणि एका टोकाला सरकायला जागा ठेवावी. लाइट ग्रेड (पातळ भिंतीचा) तर घेऊच नये, हेवी घ्यावा.

तुमच्या कंटेनरमध्ये वेल्डिंग चालत असेल किंवा जड माल रोज घासत जात असेल तर मी जीआयला नाही म्हणणार नाही. पण तोही प्लायवुडवरच बसवा. नुसतं साठवणीचं काम असेल तर मी पीव्हीसीच घेईन, आणि वाचलेल्या पैशात आरसीसीबी चांगली घेईन.