ब्रेस्ट पंप ठीक, पण दूध काढायचं कुठे?
म्हापशातल्या मेडिकलमधून हाताने दाबायचा ब्रेस्ट पंप घेतला. सिलिकॉन मऊ, अजिबात दुखत नाही. झडप मात्र लवकर सैल होते. जादा एक द्यायला काय जातं?

नणंद पणजीत मोठ्या कंपनीत, तिला बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीप्रमाणे २६ आठवडे पगारी रजा मिळाली. आमच्या कपड्यांच्या दुकानात चारच माणसं. तो कायदा दहा कामगारांपासून पुढे! मी साड्यांच्या गठ्ठ्यांमागे उभी राहून पंप दाबते. काढलेलं दूध २५ अंशांपर्यंत चार तास टिकतं, पण मे महिन्यात आमचं गोदाम तापतं नुसतं. म्हणून बर्फाची पिशवी वेगळी घ्यावी लागली. सासूबाई म्हणतात, "डब्याचं दूध दी गो." त्या डब्यावर माझा पगार संपेल.

पंपाला चार तारे. झडपेचा एक कापला.