हजार लिटरची टाकी झकास, वायसर भिकार: नळ नसलेल्या मळ्यावर काही महिने वापरल्यानंतर

आयबीसी टाकी म्हणजे धातूच्या पिंजऱ्यात बसवलेली, पॅलेटवर (खालच्या चौकटीवर) उभी असलेली हजार लिटरची प्लास्टिकची टाकी, खाली 50 मिमीचा व्हॉल्व्ह असलेली. एवढं सांगून थेट मुद्द्यावर येतो. टाकी चांगली आहे. पत्र्यावरचं पावसाचं पाणी साठवायला लिटरमागे याहून स्वस्तात काही पडत नाही. पण तिच्या खालच्या व्हॉल्व्हच्या तोंडाला बसवायचा जो अडॅप्टर (हे मोठं तोंड नेहमीच्या तोटीला किंवा पाइपाला जोडणारा तुकडा) मिळतो, त्यातला रबरी वायसर एका उन्हाळ्यात कडक होऊन तडकला. विक्रेत्याचं उत्तर काय, तर वायसर सुटा मिळत नाही, अख्खा अडॅप्टर नवा घ्या. एवढ्याशा रबरासाठी! हे सगळं लिहायला बसलो ते त्या उत्तरामुळेच.

‘थेंबथेंबच तर गळतंय’ म्हणणाऱ्यांसाठी हिशोब मांडतो. सेकंदाला एक थेंब, वीस थेंबांचा 1 मिलि धरला तर दिवसाला सव्वाचार लिटर, महिन्याला 130 लिटर. कोरडे तीन महिने गेले की टाकीचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग जमिनीत. आणि हे पाणी येतं कुठून? 1 मिमी पाऊस म्हणजे चौरस मीटरला 1 लिटर. अवजारांच्या खोपटाचा पत्रा 6 चौरस मीटरचा असेल तर 10 मिमीच्या सरीतून उडालेलं, सांडलेलं वजा जाता पन्नासेक लिटर हाती लागतात. म्हणजे टाकी भरायला 200 मिमी पाऊस हवा, आणि महिन्याभराची गळती भरून काढायला 26 मिमी.

गळती थांबत नाही याचं कारण बहुतेक जण भलतीकडे शोधतात. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळत बसतात. या टाकीच्या तोंडाचे आटे जाड असतात: बाहेरचा व्यास 60 मिमी, दोन आट्यांतलं अंतर 6 मिमी. असे आटे पाणी अडवत नाहीत, ते फक्त अडॅप्टरला आत ओढून धरतात. पाणी अडवतो तो तळाशी बसलेला चपटा वायसर. टेपचे थर चढवले की अडॅप्टर पूर्ण आत जात नाही, वायसर दाबला जात नाही आणि गळती उलट वाढते. टेप लागते ती पुढच्या, नेहमीच्या बारीक आट्यांच्या जोडाला. (विकत घेण्याआधी तोंड मोजून घ्या. काही टाक्यांचं तोंड मोठं असतं, काहींचे आटे बारीक असतात.)

वायसर घरी कापता येतो. जुना वायसर कागदावर ठेवून आतली आणि बाहेरची गोलाई आखून घ्या. 3 मिमी जाडीचा ईपीडीएम (ऊन-पाणी सोसणारं कृत्रिम रबर) रबराचा तुकडा घ्या, साधं काळं रबर नको, ते उन्हात लवकर भेगाळतं. आधी आतलं भोक पाडा, मग बाहेरची कड कापा. उलट केलं तर लहानशी चकती हातात धरून भोक पाडताना ती सरकते. तोंडाची कड फडक्यानं पुसा, तिथे वाळूचा एक कण राहिला तरी पुरे होतो. अडॅप्टर हातानं घट्ट होईल तेवढा फिरवा, वर पाव फेरा. पाइप पान्हा लावून जोर कराल तर प्लास्टिक तडकेल. सायकलच्या ट्यूबचा तुकडा दोन पदरी करून लावतात, पण ती तात्पुरती मलमपट्टी. दोन पदरांच्या मधून पाणी वाट काढतंच.

नवा वायसरही पुन्हा गळायला लागला तर पाइपाकडे बघा. पाण्यानं भरलेला लांब पाइप अडॅप्टरला लोंबकळत असेल तर तो सांधा एका बाजूला झुकवतो, खालून दाब येतो आणि वरच्या बाजूला फट पडते. अडॅप्टरपासून वीतभर अंतरावर पाइप पिंजऱ्याला बांधून टाका.

दुसरा उपाय म्हणजे काम झाल्यावर टाकीचा मूळ मोठा व्हॉल्व्ह बंद करणं. मग अडॅप्टरवर पाणीच राहत नाही. पण त्या व्हॉल्व्हच्या आतल्या सीलमध्ये गाळाचे कण अडकले की तो पुरता मिटत नाही, आणि जोर लावला तर उन्हानं ठिसूळ झालेला दांडा मोडतो. त्यामुळे रोजची उघडझाप अडॅप्टरच्या पुढे बसवलेल्या बॉल व्हॉल्व्हवर (आतला भोकाचा गोळा फिरवून उघडणारी तोटी), आणि मोठा व्हॉल्व्ह बरेच दिवस जायचं नसेल तेव्हाच बंद.

हा बॉल व्हॉल्व्ह घेताना भोक बघून घ्या. अडॅप्टरसोबत फुकट येणाऱ्या तोटीचं भोक जेमतेम 8 मिमीचं असतं. टाकी अर्धी असताना तिच्यातून दहा लिटरची झारी भरायला दीड-दोन मिनिटं लागतात. 19 मिमीच्या पूर्ण भोकाच्या व्हॉल्व्हमधून वीसेक सेकंद. वीस झाऱ्या घालायच्या असतील तर हा फरक पायांना कळतो.

पहिल्या सरीचं मळकं पाणी बाजूला काढणारा उभा पाइप सुरुवातीला मला नुसता नखरा वाटला होता. मत बदललं ते मोठ्या व्हॉल्व्हच्या सीलमधला गाळ पाहून. 110 मिमीच्या पाइपात मीटरला साडेआठ लिटर पाणी मावतं. 6 चौरस मीटर पत्र्याचा पहिला 1 मिमी पाऊस अडवायला 70 सेंमी तुकडा पुरतो. खालच्या टोपणाला 2-3 मिमीचं भोक ठेवायचं, म्हणजे पाइप आपोआप रिकामा होतो. ते भोक पाल्यानं बुजतं, तेवढं अधूनमधून काडीनं मोकळं करावं लागतं.

ठिबकबद्दलही तसंच. एका मीटर उंचीचं पाणी म्हणजे 0.1 बार दाब, आणि बाजारातले साधे ड्रिपर (थेंबथेंब पाणी सोडणाऱ्या तोट्या) साधारण 1 बारसाठी बनवलेले. दाब नियंत्रित करणारे तर इथे धड उघडतही नाहीत. म्हणून ठिबकला शून्य गुण द्यायच्या बेतात होतो. पण 16 मिमीच्या नळीला ड्रिपरऐवजी मायक्रोट्यूब, म्हणजे अगदी बारीक प्लास्टिक नळ्या, टोचल्या, ओळी आठ-दहा मीटरच्या आत ठेवल्या आणि सुरुवातीला जाळीचा फिल्टर लावला तर सपाट वाफ्यावर काम चालतं. उतारावर वरची रोपं तहानलेली राहतात, तिथे झारीच बरी. कसंही द्या, पण पाणी बुंध्याशी आणि चार-पाच दिवसांनी भरपूर द्यावं, रोज शिंपडू नये. वाफ्यावर पाच-सात सेंमी पालापाचोळा नसेल तर टाकी कितीही मोठी घेतली तरी अपुरीच पडेल.

बाकीचं थोडक्यात. झारी तोटीखाली मावावी म्हणून टाकी 40 सेंमी उचलावी लागते. मग तिचं डोकं दीड मीटरच्या वर जातं, तेव्हा पन्हाळीचं तोंड त्याहून वर आहे ना हे आधी बघा. भरलेली टाकी टनाहून जड असते, ठोकळे चारही कोपऱ्यांखाली आणि मध्येही हवेत, खालची जमीन ठोकून सपाट केलेली हवी. पांढऱ्या टाकीत उजेड जातो आणि शेवाळ धरतं, म्हणून काळं आच्छादन हवंच. डासांसाठी झाकणावर बारीक जाळी सगळे लावतात, ओव्हरफ्लोच्या तोंडाला लावायला विसरतात. उबेत आठ-दहा दिवसांत अळीचा डास होतो. जुनी टाकी घेणार असाल तर आधी त्यात काय होतं ते लेबलवर वाचा. लेबल फाडलेलं असेल तर घेऊ नका.

दुसरी टाकी जोडणार असाल तर बहुतेक जण तळातून जोडायला सांगतील, दोन्हींची पातळी सारखी राहते म्हणून. मी वरून जोडतो, पहिलीचा ओव्हरफ्लो दुसरीच्या झाकणात. तळातून जोडलं की पाण्याखाली राहणारे दोन सांधे वाढतात, आणि एक जरी सुटला तरी दोन्ही टाक्या रिकाम्या होतात.